आठवड्याला एकच फोटो: सोलापुरातल्या हौशी फोटोग्राफरांसाठी साप्ताहिक देवाणघेवाणीची रीत

प्रत्येकानं आठवड्याला एकच फोटो पाठवायचा, तोही त्याच आठवड्यात काढलेला, आणि रविवारी सगळ्यांनी मिळून तो नीट पाहायचा. एवढ्या एका सवयीनं हौशी फोटोग्राफरचा डोळा वर्षभरात जितका तयार होतो तितका नव्या लेन्सनं होत नाही, असं माझं ठाम मत आहे. सोलापुरात कॅमेरे भरपूर आहेत, बऱ्या कॅमेऱ्याचे मोबाइल तर घरोघरी आहेत. फोटोंचे ग्रुपही आहेत. पण गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जानेवारीतली यात्रा, संपला की एकेकजण चाळीस-चाळीस फोटो टाकतो, बाकीचे अंगठा दाखवतात, "लय भारी" म्हणतात, आणि दोन दिवसांनी ते फोटो कुणालाच आठवत नाहीत, काढणाऱ्यालासुद्धा. हे टाळून एक छोटा, टिकणारा गट कसा चालवायचा ते पुढं सविस्तर सांगतो.

माणसं जमवताना

आठ ते बारा माणसं पुरतात. पाचच्या खाली गेलं की दोघं गावाला गेल्यावर रविवार सुना पडतो, आणि पंधराच्या वर गेलं की प्रत्येक फोटोला वेळ मिळत नाही. सगळे एकाच प्रकारचे फोटो काढणारे नकोत. पक्ष्यांमागं फिरणारा एक, लग्नाच्या ऑर्डरी घेणारा पण स्वतःसाठी काही वेगळं काढू पाहणारा एक, इंजिनिअरिंगला असलेली एखादी मुलगी, निवृत्त शिक्षक, घरातलं आवरून गच्चीवरून ढग टिपणाऱ्या वहिनी, अशी मिसळ असावी. मोबाइलवाल्यांना वेगळी रांग लावू नका. एकच गट, एकच नियम. मोबाइलवाल्याला लांबचा पक्षी मिळणार नाही हे खरं, पण मंडईतल्या गर्दीत तो जितक्या सहज जवळ जातो तितकं मोठी लेन्स लावलेल्या माणसाला जमत नाही.

भाषेचंही आधीच बोलून घ्या. आपल्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. फोटोवर बोलताना ज्याला ज्या भाषेत सुचतं त्यात त्यानं बोलावं, कुणीतरी शेजारी समजावून सांगतोच.

वार आणि वेळ

आठवडा सोमवारी पहाटे सुरू होतो, शनिवारी रात्री नऊला संपतो. नऊनंतर आलेला फोटो पुढच्या आठवड्यातही घ्यायचा नाही, कारण तो त्या आठवड्यातला नसतो. हा नियम कडक वाटेल, पण सगळी गंमत त्यातच आहे. जुन्या हार्डडिस्कमधले गाजलेले फोटो काढून दाखवायला सुरुवात झाली की गट संपला म्हणून समजा. ताजा फोटो अजून कच्चा असतो, काढणाऱ्याचं त्याच्यावर पक्कं मत झालेलं नसतं, म्हणून तो दुसऱ्याचं ऐकून घेऊ शकतो. आणि दुसरी गोष्ट अशी की गुरुवार उजाडला आणि अजून काहीच हाती नाही, हे लक्षात आलं की माणूस ऑफिसातून घरी जाताना सात रस्ता चौकात पाच मिनिटं थांबतो. ही पाच मिनिटं फार मोलाची आहेत.

ज्याला जमलं नाही त्यानं "या आठवड्यात नाही" एवढं लिहावं. दंड नको, टोमणेही नकोत. सलग तीन आठवडे कुणी गप्प असेल तर अ‍ॅडमिननं ग्रुपवर नव्हे, फोन करून विचारपूस करावी.

निवड: इथंच सगळ्यात जास्त वेळ द्या

एकच पाठवायचा म्हणजे बाकीचे सगळे बाजूला ठेवायचे. शुक्रवारी रात्री आठवड्याचे फोटो उघडा आणि पहिल्या फेरीत फक्त हललेले, डोळे मिटलेले, फोकस चुकलेले काढून टाका. दुसऱ्या फेरीत फोटो अगदी लहान करून पाहा, मोबाइलच्या गॅलरीत चौकोनी तुकड्यांसारखे दिसतात तसे. त्या आकारात ज्याचा आकार आणि उजेड ओळखू येतो, ज्याच्यावर बोट थांबतं, ते चार-पाच वेगळे करा. मोठ्या पडद्यावर बारकावे भुरळ घालतात, लहान आकारात मांडणी उघडी पडते.

मग एक रात्र जाऊ द्या. शनिवारी सकाळी त्या चार-पाचांना एकच प्रश्न विचारा: हा फोटो काढायला मला काहीच कष्ट पडले नसते तरी मी हा निवडला असता का? पहाटे साडेचारला उठून हिप्परग्याच्या तलावावर जाऊन थंडीत दोन तास बसलात, हे पाहणाऱ्याला ठाऊक नसतं आणि त्यानं फोटो चांगला होत नाही. ज्याच्यामागं मोठी गोष्ट आहे तो फोटो आपल्याला नेहमी जास्त आवडतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा फोटो त्यामुळंच निवडला जातो.

दोनात अडकलात तर सुरक्षित वाटणारा बाजूला ठेवा, ज्याच्याविषयी शंका आहे तो पाठवा. जो बरा झालाय हे तुम्हाला आधीच माहीत आहे, त्याच्यावर दहा जणांकडून काय ऐकणार?

फाइल तयार करणं आणि पाठवणं

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलपर्यंत खाली येते आणि वर फाइल दाबून तिचा दर्जाही उतरवला जातो. आकाशातले हलके रंग पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात, लांबच्या पक्ष्याची पिसं चिकटल्यासारखी होतात. एचडीचा पर्याय थोडा बरा. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते. म्हणून रीत अशी ठेवा: लांब बाजू 2048 पिक्सेल, जेपीईजी, दर्जा 80 ते 85, रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक पडद्यांना चालणारी रंगांची मांडणी), आणि डॉक्युमेंट म्हणून अ‍ॅडमिनकडं. कॅमेऱ्यात अ‍ॅडोब आरजीबी लावून ठेवलेलं असेल आणि तसंच एक्स्पोर्ट केलं, तर बऱ्याच मोबाइलवर फोटो फिका, मळकट दिसतो. नंतर "माझ्याकडं तर मस्त दिसतोय" असा वाद होतो.

डॉक्युमेंटसोबत आणखी एक गोष्ट जाते, फाइलमध्ये दडलेली माहिती. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ असे फोटो काढतानाचे आकडे कळतात, ते शिकायला उपयोगी. पण मोबाइलच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही त्यातच असतात. घरातल्या मुलांचा फोटो असो की पक्ष्यांचा, कॅमेरा अ‍ॅपमधलं लोकेशन बंदच ठेवा. आधी काढलेला फोटो असेल तर एक्स्पोर्ट करताना ते काढून टाका.

पाहतानाही थोडी शिस्त लागते. रविवारी फोटो उघडण्याआधी मोबाइलचा उजेड निम्म्याच्या वर न्या आणि रात्रीसाठीचा पिवळा फिल्टर बंद करा. अंधुक, पिवळ्या पडद्यावर पाहून "रंग जरा उबदार झालेत" असं मत देणं त्या माणसावर अन्यायच आहे.

नाव झाकून

सगळे फोटो थेट अ‍ॅडमिनकडं जावेत, त्यानं एक ते बारा असे आकडे देऊन नावाशिवाय टाकावेत. आपल्याकडं याची फार गरज आहे. सरांचा फोटो आहे म्हटलं की कॉलेजचा पोरगा तोंड उघडत नाही, आणि पोराचा आहे म्हटलं की काकांना उपदेश सुचतो. आकडा असला की दोघंही फोटोशी बोलतात. बोलणं पुरं झाल्यावर नावं सांगा. अ‍ॅडमिनपद महिन्याला फिरतं ठेवा, कारण फोटो कुणाचा हे त्याला माहीत असल्यानं तेवढ्या महिन्यात त्यानं शेवटी बोलावं हे बरं.

फोटोवर बोलावं कसं

महिन्यातून एक रविवार तरी प्रत्यक्ष भेटा, सकाळी उन्हं चढायच्या आत. पार्क चौकाजवळ कुठं चहाला बसा किंवा कुणाच्या गच्चीवर. बाकीचे रविवार ग्रुपवर चालतील. दोन्हीकडं क्रम एकच.

आधी अर्धा मिनिट कुणी काही बोलायचं नाही, फक्त पाहायचं. मग एकेकानं सांगायचं की नजर आधी कुठं गेली, नंतर कुठं सरकली आणि कुठून बाहेर पडली. चांगलं-वाईट इतक्यात नाही. समजा, कडक भाकरी थापणाऱ्या एका आजींचा फोटो आहे. चुलीचा उजेड गालावर आलाय, हात पिठानं पांढरे. आणि चौघांनी मिळून सांगितलं की नजर आधी मागच्या निळ्या प्लास्टिकच्या बादलीवर गेली, मग हातांवर. बस, काढणाऱ्याला कळलं. त्याला "बॅकग्राउंड क्लीन ठेवा" असा सल्ला द्यावा लागत नाही. पुढच्या वेळी तो बादली सरकवायला सांगण्याआधी स्वतः एक पाऊल डावीकडं सरकेल.

दुसऱ्या फेरीत प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची जी फोटोतून काढली तर फोटो पडेल, आणि एक गोष्ट जी नसती तरी चाललं असतं. नुसतं "छान" या फेरीत धरायचं नाही. शेवटी ज्याचा फोटो आहे तो बोलतो. त्यानं समर्थन करायचं नाही, त्याला काय दाखवायचं होतं एवढंच सांगायचं. पाहणाऱ्यांना दिसलं ते आणि त्याला दाखवायचं होतं ते, यांतलं अंतर त्यानं घरी घेऊन जायचं.

दोन गोष्टी ठामपणे टाळा. एक, नंबर काढणं. "या आठवड्याचा सर्वोत्कृष्ट" सुरू झाला की माणसं जिंकणारा फोटो काढायला लागतात: सूर्यास्त, सिद्धेश्वर मंदिराचं तलावातलं प्रतिबिंब, पुन्हा सूर्यास्त. प्रतिबिंब सुंदरच आहे, पण तिसऱ्या वेळी काढताना त्यात तुमचं असं काय, हा प्रश्न स्पर्धेत कुणी विचारत नाही. दुसरं, दुसऱ्याचा फोटो न विचारता क्रॉप करून, रंग बदलून परत टाकणं. क्रॉप सुचवायचा असेल तर कडांवर बोट ठेवून दाखवा, किंवा आधी विचारा.

विषय द्यावा की नाही

महिन्यातले दोन आठवडे मोकळे, दोन विषयाचे, असं ठेवलं की बरं पडतं. विषय "निसर्ग", "भावना" असे ढोबळ नकोत. "दुपारी दोनची सावली", "मागून दिसणारी माणसं", "एकच रंग", "दोरी" असे काहीतरी हाताला लागणारे द्या. मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं गेल्यावर सगळे पहाटेच्या उजेडाची वाट पाहतात, पण आपल्या गावाची ओळख त्या रखरखीत दुपारीच आहे. रसवंतीच्या ताडपत्रीखाली, रिक्षाच्या आत, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला माणसं कशी दाटून बसतात ते बघा. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, उन्हाच्या भागाला धरून ठेवा, सावली काळी पडू द्या.

आमच्या गावाचं वर्षच विषय पुरवतं. त्यातले तीन जरा खोलात सांगतो, कारण तिन्हींत कॅमेरा फसतो.

जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा. सात नंदीध्वज म्हणजे मानाच्या उंच काठ्या, बाराबंदी या पांढऱ्या पोशाखातले मानकरी, 68 लिंगांना प्रदक्षिणा, संमती कट्ट्यावर प्रतीकात्मक विवाहाच्या अक्षता. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडी छटेचं आहे असं धरून चालतो. फ्रेम पांढऱ्या कपड्यांनी भरलेली असेल तर तो सगळं राखाडी करून टाकतो, तिथं एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा. पण गडद गर्दीत एखादाच पांढरा मानकरी असेल तर उलटं होतं, कॅमेरा अंधार उजळवायला जातो आणि कपडा जळून कोरा होतो. तिथं कमी करा. जळालेला पांढरा नंतर परत येत नाही, म्हणून कॅमेऱ्यातली हायलाइटची लुकलुकणारी सूचना चालू ठेवा. अक्षता हवेत थांबलेल्या हव्या असतील तर शटर 1/1000 सेकंदाच्या आसपास, रेघा हव्या असतील तर 1/60. आणि नंदीध्वजाची काठी उंच असते म्हणून सगळे वर पाहून काढतात. ती पेलणाऱ्याच्या कमरेकडं आणि पायांकडं पाहा, भार तिथं दिसतो.

दुसरा विषय यंत्रमाग. सोलापुरी चादर जगाला माहीत आहे, पण ती विणली जाते तो उजेड फार थोड्यांनी टिपलाय. आत ट्यूबलाइट असतात आणि आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. शटर 1/500 ठेवलंत तर फोटोत आडवे काळे पट्टे येऊ शकतात. 1/100 किंवा 1/50 वर ते जातात, पण धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावणारा मागाचा भाग, पुसट होतो. तो पुसट होऊ द्या, कामगाराचा चेहरा आणि ताण्याचे उभे धागे स्थिर आहेत ना एवढं पाहा. धोटा थांबवायचाच असेल तर छपरातल्या काचेतून ऊन येतं तो माग शोधा. कापसाची फुसफुस सतत उडत असते, आत लेन्स बदलू नका. गळ्यातला पट्टा आखूड करा, सैल कपडे नकोत, चालत्या पट्ट्याजवळ वाकू नका. आणि आत शिरण्याआधी "मालक, दोन फोटो काढू का?" हे विचारणं आलंच. पण मालकानं हो म्हटलं म्हणजे कामगारानं म्हटलं असं होत नाही, त्यालाही विचारा. मजुरी कामाच्या मोजमापावर असते, त्याला कामातून उठवून पोझ द्यायला लावू नका.

तिसरा, दगडावरची अक्षरं. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात. तिथल्या संगमेश्वर मंदिरात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी शिलालेख आहे. बहुतेकजण समोरून फ्लॅश मारतात आणि अक्षरं सपाट होऊन हरवतात. फ्लॅश बंद करा. मित्राला मोबाइलचा टॉर्च एका बाजूनं, दगडाला जवळजवळ टेकल्यासारखा तिरपा धरायला सांगा. प्रत्येक अक्षराची सावली पडते आणि लेख उठून दिसतो. बाजू बदलून दोन-तीन फोटो घ्या, काही रेघा डावीकडूनच दिसतात, काही उजवीकडून. खडू, पाणी, पावडर यांतलं काहीही दगडाला लावायचं नाही.

बाकी वर्षभरात नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव आहे, आषाढीत पंढरपूरजवळच्या वाखरीला वारकऱ्यांची गर्दी आहे, कोजागरीला तुळजापूरकडं रात्रभर पायी निघालेली माणसं आहेत, हिवाळ्यात हुरडा आहे. यात्रेच्या आठवड्यातही नियम एकच फोटोचाच, तेव्हा तर जास्तच.

माळरानावर आणि तलावावर

नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 सालचं. माळढोक आता दिसणं फार दुर्मीळ, पण काळवीट, चंडोल, लांडगा यांचं ते माळरान अजून जिवंत आहे. तिथं वनखात्याची परवानगी घेऊनच जा, वाटेवरूनच फिरा. जमिनीवर घरटं करणारे पक्षी इथं बरेच, एक पाऊल आडवं पडलं तरी अंडी फुटतात. गटात एक नियम लिहूनच ठेवा: घरट्याचा, अंड्यांचा, पिल्लांना भरवतानाचा फोटो घ्यायचा नाही आणि दाखवायचाही नाही. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हेच करायला हवं होतं. पक्षी उडताना हवा म्हणून खडा मारणाऱ्याचा फोटो कितीही सुंदर असो, तो पाहण्याच्या यादीतून काढा आणि का काढला ते त्याला सांगा. दुर्मीळ पक्ष्याची जागा लिहिताना "उत्तर सोलापूर तालुका" एवढं पुरे.

माणसांच्या बाबतीत: लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय पाठवू नका. ज्यांचा फोटो काढला त्यांना एक प्रिंट नेऊन द्या. पुढच्या वेळी त्या गल्लीत कॅमेरा काढायला कुणाची हरकत राहत नाही.

साठवण आणि प्रिंट

अ‍ॅडमिननं दर रविवारी सगळे फोटो एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवावेत. फाइलचं नाव वर्ष, महिना, तारीख, मग टोपणनाव, मग जागा, याच क्रमानं. म्हणजे आपोआप ओळीत लागतात. मूळ फाइल ज्याची त्यानं दोन ठिकाणी सांभाळावी, एक घरी आणि एक घराबाहेर. ग्रुप म्हणजे साठवण नव्हे, मोबाइल बदलला की अर्धं जातं.

वर्षातून एकदा प्रिंट काढाच. 19 ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन, 1839 साली त्याच दिवशी दाग्युरोटाइपची, म्हणजे फोटो काढण्याच्या सुरुवातीच्या पद्धतीची, कृती पॅरिसमध्ये जगापुढं मांडली गेली. त्याच्या आधी महिनाभर प्रत्येकानं आपल्या वर्षाच्या फोटोंतून तीन निवडावेत, बाकीच्यांनी त्यातला एक ठरवावा. 8 बाय 12 इंचांच्या प्रिंटला 300 डीपीआयनं (इंचाला 300 ठिपके) 2400 बाय 3600 पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण साडेआठ मेगापिक्सेल. आजचा कुठलाही बरा मोबाइल एवढं देतो, फक्त फार क्रॉप केलेलं नसावं. मोबाइलचा फोटो चारास तीन आणि कॅमेऱ्याचा तिनास दोन या प्रमाणात असतो, तेव्हा मोबाइलवाल्यांनी लॅबला देण्याआधी स्वतःच क्रॉप करून घ्यावा, नाहीतर मशिन डोकी कापतं. कागद मॅट घ्या, ट्यूबलाइटखाली चकाकत नाही. पडद्यापेक्षा प्रिंट थोडी गडद येते, म्हणून आधी एकाच फोटोची लहान चाचणी काढा, ती दिवसाच्या उजेडात पाहा, आणि मगच बाकीच्या फाइली लॅबला द्या.